पेवाच्या व्हिडिओची नोंदवही, ग्रुप ४

४ जानेवारी २०२५, शनिवार

एकदाचा विषय ठरला. पाच मिनिटांचा व्हिडिओ, २२ फेब्रुवारीला द्यायचा, सोबत ही नोंदवही आणि तिला दहा मार्क. मॅडम म्हणाल्या नोंदी त्या त्या दिवशीच लिहा, शेवटच्या रात्री एका बैठकीत लिहिलेल्या मला वासावरून कळतात. बघू.

आम्ही चौघं. बारक्याचा फोन सगळ्यात चांगला म्हणून कॅमेरा त्याच्याकडे, निपाणीकर कुणाशीही पाच मिनिटांत घरोबा करते म्हणून मुलाखती तिच्याकडे, मॅनेजरकडे गाडी आहे म्हणून परवानग्या, चहा आणि पेट्रोल त्याच्याकडे, आणि माझ्या लॅपटॉपला आठ जीबी रॅम म्हणून एडिटिंग माझ्या गळ्यात. येतं म्हणून नाही, रॅम आहे म्हणून.

सांगलीत व्हिडिओ करायचा म्हणजे तेच ते, गणपती मंदिर, आयर्विन पूल, नाहीतर भडंग. मॅनेजरच्या नात्यातलं कुणीतरी हरिपूरला असतं, तो म्हणाला हळदीच्या पेवांवर करू. निपाणीकर म्हणाली पेव म्हणजे ते फुटतं ते? क्लासेसचं नुसतं पेव फुटलंय असं आपण सगळेच म्हणतो, पण पेव ही खरीखुरी वस्तू असते, जमिनीत खणलेलं कोठार, आणि ते आपल्यापासून गाडीवर दहा मिनिटांवर आहे हे चौघांतल्या तिघांना माहीत नव्हतं. तिथंच फायनल झालं.

११ जानेवारी, शनिवार

रेकीला, म्हणजे आधी जागा बघायला, गेलो. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि नाटककार देवलांचं गाव. या सगळ्याचे शॉट घेऊन झाले, अर्धी बॅटरी संपली, मग लक्षात आलं की ज्यासाठी आलो ते कुठं दिसतच नाहीये. मॅनेजरच्या ओळखीचे आबा रानात भेटले, पांढरी टोपी, पायात टायरच्या चपला. निपाणीकरनं विचारलं, आबा पेवं कुठायत? आबा म्हणाले, "उभारलीयास कशावर तू?"

तर अडचण ही आहे. आपला विषय दिसत नाही. वरून नुसतं रान, एक दगड आणि त्याच्याभोवती माती. आबांनी हातवारे करून सांगितलं की तोंड एक माणूस कसाबसा आत जाईल एवढंच, आत रांजणासारखं फुगत जातं, खोली पंचवीस-तीस फूट. माती अशी घट्ट की पाणी पाझरत नाही. तळाला आणि कडेनं पाला घालायचा, हळद ओतायची, वर परत पाला, मग माती लिंपून तोंड बंद, आणि मग ती हळद वर्षं काढते आणि कीड लागत नाही. पण भरलेलं पेव व्हिडिओसाठी कोण उघडणार? उघडायचं ते विकायची असेल तेव्हाच. रिकामं एक आहे, ते पुढच्या रविवारी उघडून देतो म्हणाले, अट एकच, आत कुणी उतरायचं नाही. "खाली वारं मेल्यालं असतंय." म्हणजे श्वास घेण्याजोगी हवा नसते. आम्ही चौघांनी एकदम माना हलवल्या. बारक्या परत येताना म्हणत होता की उतरायला मिळालं असतं तर काय भारी शॉट झाला असता. त्याला गाडीवर मागं बसवला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत, कुणी भेटलं नाही. घरी हळद ताटात घेऊन फोनवर टेस्ट घेतली आणि एक गोष्ट कळली. हळद हळदीसारखी येतच नाही. फ्रेममध्ये सगळीकडे पिवळंच पिवळं असलं की फोनला वाटतं उजेडच पिवळा आहे आणि तो आपणहून रंग थंड करून टाकतो, मग हळद दिसते भिजवलेल्या बेसनासारखी. आधी पांढरा कागद दाखवून व्हाइट बॅलन्स लॉक केला तर ठीक. बारक्याला तीनदा व्हॉइस मेसेज केला, त्याचं उत्तर आलं तिळगूळ घ्या गोड बोला.

१८ जानेवारी, शनिवार

मार्केट यार्ड. परवानगीला एक तास, शूट चाळीस मिनिटं. पोती, हमाल, हळकुंडांचे ढीग, ढिगावर उभं राहून बोलणारी माणसं. हळदीची धूळ एवढी की दर पाच मिनिटांनी लेन्स पुसायला लागत होती आणि मॅनेजरनं रुमाल दिला तो आधीच पिवळा.

घरी येऊन बघते तर गाळ्यांच्या आतल्या सगळ्या शॉटवर काळसर पट्टे वरून खाली सरकतायत. ट्यूबलाइट. आपली वीज पन्नास सायकलची, त्यामुळं जुन्या ट्यूबा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण फोनला कळतं. प्रो मोडमध्ये जाऊन सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवायचं, की पट्टे गायब. हे मी शूटच्या आधी वाचलं होतं, सांगितलंही होतं, पण बारक्याला तीस फ्रेम आवडतात कारण स्मूद दिसतं. भांडण नको म्हणून इथं लिहून ठेवते.

१९ जानेवारी, रविवार

आजचं नीट लिहिते, कारण आज जे झालं त्यावर आमचा व्हिडिओ उभा राहणार किंवा आडवा होणार.

सकाळी नऊला रानात. आबांनी माती उकरली, दगड सरकवला. तोंडातून वास आला तो हळदीचा नाही, ओल्या मातीचा आणि जुन्या पाल्याचा, ओठांवर चव येईल इतका जड. आबांच्या बंडीला आम्ही कॉलर माइक लावला होता. आमच्याकडे रेकॉर्डर नाही, म्हणून माइकची वायर माझ्या जुन्या फोनला लावून, फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो त्यांच्या खिशात टाकला. सिंकसाठी, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवता यावेत म्हणून, टाळी वाजवून घेतली. मग निपाणीकर आबांना खुर्ची कुठं ठेवू विचारत होती, बारक्या ट्रायपॉडचा पाय मातीत रुततोय म्हणून फरशीचा तुकडा शोधत होता, आणि आबांनी कुणाची वाट न बघता कंदील पेटवला आणि दोरीनं खाली सोडला.

रॉकेलचा कंदील, काच एका बाजूनं तडकलेली. दोरीला हाताहातावर गाठी मारलेल्या, एकेक गाठ बोटातून सुटली की आबा मोजायचे. एक, दोन, तीन. आम्ही आपापल्या कामात. नऊ, दहा. अकराव्याला मी सहज वाकून बघितलं. ज्योत आधी बुटकी झाली, मग तिचा पिवळा रंग जाऊन निळसर टिकली राहिली, मग ती पण गेली. फुंकर नाही, वारा नाही, काही नाही. कुणीतरी हलकेच बोटात चिमटल्यासारखी. आबा म्हणाले, "गेला." आणि दोरी वर ओढायला लागले.

मी बारक्याकडे बघितलं. बारक्याच्या हातात फरशी होती.

परत करा ना आबा, म्हणून चौघंही मागं लागलो. आबा हो म्हणाले, काही हरकत नाही, पण तोवर त्यांनी काय केलं, लिंबाचा मोठा डहाळा दोरीला बांधून आत सोडला आणि दहा मिनिटं वरखाली वरखाली केला. का, तर आम्ही फोन आत सोडणार म्हणून सांगितलं होतं आणि आबा म्हणाले, "त्याला बी वारं लागल की." मग कंदील परत सोडला, कॅमेरा चालू, फोकस आणि एक्स्पोजर लॉक, चौघंही श्वास रोखून, आणि कंदील गेला तळापर्यंत आणि मस्त जळत राहिला. कशाला विझेल, हवा खेळली होती. आबा खूश. म्हणाले आता काय भ्या नाही.

त्यानंतर फोन आत सोडला. पहिल्या वेळी एकाच दोरीवर, बाईकचा मोबाइल होल्डर आणि त्यावर चार्जिंगचा एलईडी. दोरीचा पीळ सुटत गेला आणि फोन भोवऱ्यासारखा फिरला, फुटेज बघताना निपाणीकरला मळमळलं. मग मॅनेजरनं दोन दोऱ्या केल्या, दोन बाजूंनी दोघांनी धरून समान सोडत गेलो, तो शॉट मात्र खरंच भारी आलाय. भिंतीवर कुदळीचे घाव अजून दिसतात, ओळीनं, फणी फिरवल्यासारखे, आणि एका ठिकाणी कुणाच्यातरी पंजाचा ठसा, पाची बोटं. आबांना दाखवला. म्हणाले आज्याच्या वेळचं पेव आहे, असंल कुणाचातरी. पलीकडच्या अंगाला त्यांची आणखी पेवं होती, ती २००५ च्या पुरात गेली. पाणी आत शिरलं की हळद फुगते आणि कुजते, काढायला पण कुणी धजत नाही. २०१९ ला तर रानच दिसत नव्हतं म्हणाले.

२० जानेवारी, सोमवार

सगळं फुटेज लॅपटॉपवर घेतलं. फोर के मध्ये मिनिटाला साडेतीनशे एमबीच्या आसपास जातं, चाळीस जीबी झालं. पेन ड्राइव्हवर कॉपी होईना, एका मोठ्या फाइलला सारखा नकार, शेवटी कळलं की तो फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे आणि त्यात चार जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही. मॅनेजरनं कालचे दोन शॉट ग्रुपवर टाकले होते, ते व्हॉट्सॲपनं चेपून चेपून पार पुसट केले. परत सांगते, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं.

रात्री साडेअकराला खिशातल्या फोनचं रेकॉर्डिंग उघडलं. त्रेचाळीस मिनिटं. कुणी बंदच केलं नव्हतं. टाळी, मग आमची बडबड, मग बंडीचा खसखस आवाज, आणि मग आबांचं मोजणं. एक. दोन. मागं बारक्याचा लांबून आवाज, फरशी घेऊ का वीट. नऊ. दहा. अकरा. मग काहीच नाही, चार सेकंद, फक्त आबांचा श्वास आणि लांब कुठंतरी पंप. मग "गेला."

हेडफोन लावून सहा वेळा ऐकलं. ग्रुपवर टाकलं. डॉक्युमेंट म्हणून.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून तसेच कँटीनला बसलो आणि मोठं भांडण झालं. प्रश्न साधा आहे, ज्योत विझण्याचा शॉट नाही, आता काय करायचं.

बारक्याचं म्हणणं परत जाऊ, वात खाली करून कंदील विझवू, बघणाऱ्याला काय कळतंय. निपाणीकरनं आबांना फोन केला तर आबा स्वतःच म्हणाले या की, मी फुंकर मारतो. मॅनेजर म्हणाला दुसऱ्या वेळचा शॉट आहेच ना, दोरी सोडणारे हात आणि खाली जाणारा कंदील, त्याच्यावर पहिल्या वेळचा आवाज लावू, शेवटी फेड आउट.

मला दोन्ही पटेना. आणि मॅनेजरचं तर जास्तच नको वाटलं, कारण ते जमून गेलं असतं. त्या शॉटमध्ये कंदील विझलाच नाही. हात खरे, आवाज खरा, आणि दोन्ही मिळून खोटं. पेवात मेलेली हवा असते हे आपण लोकांना सांगणार, आणि त्याचा पुरावा म्हणून दाखवणार हवा खेळवलेलं पेव? मी म्हणाले तिथं स्क्रीन काळा ठेवू आणि नुसता आवाज. बारक्या म्हणाला म्हणजे कॅमेरामन काय करत होता हे सगळ्या वर्गाला कळणार. हो, कळणार. तो उठून गेला, वडापाव तसाच. वडापाव मॅनेजरनं खाल्ला.

परत कंदील सोडायचाच असेल तर डहाळा न हलवता, पेव आठवडाभर बंद ठेवून नव्यानं शूट करायचं, हा मार्ग सगळ्यात सरळ होता. विचारलं आबांना. तर गुरुवारी त्यांनी ते पेव कायमचं बुजवायला घेतलंय, ट्रॅक्टरच्या चाकाखाली येतं म्हणून. विषय संपला.

२ फेब्रुवारी, रविवार

हळद शिजवण्याचं शूट, वाफेवरचं. त्यानंतरचं पॉलिशच्या ड्रमचं पण मिळालं. विशेष लिहिण्यासारखं काही नाही, व्हाइट बॅलन्स लॉक होता, शटर १/५० होतं, बारक्या आला होता आणि न सांगता दोन्ही केलेलं होतं. येताना आयर्विन पुलाच्या खांबावरचे पाणी मोजायचे आकडे घेतले, पुराच्या भागाला लागतील. इशारा पातळी चाळीस फूट, धोका पंचेचाळीस, आणि २०१९ ला पाणी सत्तावन्नच्या वर होतं. आत्ता नदी एवढी खाली की आकडा आणि पाणी एका फ्रेममध्ये येईनात.

५ फेब्रुवारी, बुधवार

आबांची बसून घेतलेली मुलाखत चौतीस मिनिटांची. निपाणीकरनं सगळी कागदावर उतरवली, मग आम्ही प्रिंटवर कात्रीनं ओळी कापून जमिनीवर मांडल्या. स्क्रीनवर दोन दिवस जे जमत नव्हतं ते कागदावर दीड तासात झालं. दोन मिनिटं दहा सेकंद ठेवली. "वारं मेल्यालं असतंय" ठेवलं. सरकारी भाव आणि धाकट्या भावाबद्दलची बारा मिनिटं काढली, दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी.

सिंकनं मात्र जीव खाल्ला. सुरुवातीला टाळी जुळवली की जुळतं, पण दहाव्या मिनिटाला आबांचे ओठ आधी आणि आवाज नंतर. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग आपला आपण कमीजास्त करतो, एडिटिंगला तो एकसारखा लागतो. आधी सगळ्या क्लिप २५ च्या ठरावीक फ्रेममध्ये कन्व्हर्ट केल्या, त्याच वेळी एडिटिंगपुरत्या हलक्या कॉप्या, म्हणजे प्रॉक्सी, पण करून घेतल्या, लॅपटॉप रात्रभर विमानासारखा आवाज करत होता. आईनं दोनदा उठून बघितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

रफ कट. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. पाच हवीत.

पहिलं काढलं ते संगम आणि देऊळ. मग मार्केट यार्डचे पट्टेवाले सगळे. मग भोवरा झालेला फोन, यावर मॅनेजर फार हळहळला. एक शिकलेय, आवाज चित्राच्या आधी आणला की कट दिसत नाही. पॉलिश ड्रमचा खडखडाट आबा बोलतायत तेव्हाच दबकत सुरू होतो आणि मग ड्रम दिसतो, असं केलं की दोन सेकंदांचा धक्का नाहीसा. संगीत नाही लावलेलं. बारक्याला सिनेमातलं गाणं हवं होतं, ते कॉपीराइटचं आहे हे एक, आणि पेवाच्या आतल्या शॉटला तिथलाच घुमणारा आवाज आहे, त्यावर काही घालायला जीव होत नाही हे दुसरं.

काळा भाग आत्ता एकोणीस सेकंद आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमना दाखवला, पाच मिनिटं बावीस. काळा भाग आला तेव्हा त्यांनी प्रोजेक्टरच्या वायरला हात घातला. मग आवाज ऐकून हात काढला. शेवटी म्हणाल्या की ठेवा, पण बघणाऱ्याला कळू दे की हे मुद्दाम आहे, नाहीतर सगळे वायरच हलवतील. खाली एक ओळ टाका. आणि सातपर्यंतचं मोजणं चित्रावर घेता येतंय का बघा. तेव्हा चित्र कुठून आणू, तर तोंडाजवळची मोकळी माती, दगड, आमच्या चपलांचे ठसे, हे बारक्यानं त्या सकाळी सगळ्यात आधी घेऊन ठेवलं होतं, कंदिलाच्या दहा मिनिटं आधी. ते बसलं. त्यात कंदील नाही, त्यामुळं खोटंही नाही. आठपासून काळं. अकरा सेकंद.

बारक्या म्हणाला बघ, माझेच शॉट वाचवतात. बरोबर आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. व्हॉइस ओव्हर आज करायचा ठरवणाऱ्या मॅनेजरला कोपरापासून नमस्कार. सकाळपासून चौकात ढोल, दुपारनंतर डॉल्बी. रात्री साडेबाराला शांत झाल्यावर निपाणीकर माझ्या खोलीत गोधडी डोक्यावरून घेऊन फोनसमोर बसली आणि सहा वाक्यं बोलली, गोधडीत आवाज घुमत नाही, स्टुडिओसारखा कोरडा येतो. तिसऱ्या टेकला गुदमरून बाहेर आली आणि म्हणाली, वारं मेलंय आत.

खालच्या ओळीचा वेगळाच ताप. 'चित्रीकरण नाही, फक्त आवाज' एवढंच लिहायचं होतं, टायटलमध्ये टाकलं की 'फक्त'चा क सुटा, त्याचा पाय सुटा, त सुटा, आणि 'चित्रीकरण'ची पहिली वेलांटी च च्या पुढं जाऊन बसली. चार फॉन्ट बदलले. शेवटी ओळ दुसरीकडे टाईप करून पारदर्शक पीएनजी केली आणि चित्र म्हणून लावली. यात पावणेदोन तास गेले, चार शब्दांसाठी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फायनल चार मिनिटं अठ्ठावन्न. हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्याची पाटी काढून टाकली, माहिती खरी आहे पण तिथं ती सरकारी जाहिरातीसारखी वाटत होती. एक्सपोर्ट दोनदा फसला, तिसऱ्यांदा ब्राउझर, व्हॉट्सॲप सगळं बंद करून लॅपटॉपखाली दोन पुस्तकं लावून खाली फॅन सोडला. झाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल दिला. मार्क अजून नाहीत.

आज आबांना दाखवायला हरिपूरला गेलो. पेवाच्या जागी नांगरट झालेली, कुठं होतं ते आम्हाला दाखवता येईना, आबांनी बोट दाखवलं. ऊन होतं म्हणून बारक्यानं फोनवर टॉवेल धरला. आबा बघत होते, स्वतःला बघून टोपी सरळ केली. सात झाले आणि स्क्रीन काळा पडला. आबा म्हणाले, "बंद पडला की रं," आणि अंगठा दाबला, तो पॉज झाला. निपाणीकरनं परत चालू केला, म्हणाली आबा नुसतं ऐका. तर त्यांनी फोन उचलून सरळ कानाला लावला, फोन आल्यासारखा. आठ, नऊ, दहा. त्यांचे ओठ हलत होते. अकरा.

मग फोन त्यांनी काढलाच नाही. शेवटचं दीड मिनिट तसंच कानाला लावून ऐकलं, आणि दोन दोऱ्यांवरचा तो शॉट, कुदळीचे घाव, पंजाचा ठसा, सगळं तिथंच आहे. बारक्या टॉवेल हातात घेऊन शेजारी उभा, आबा बघा, अहो आबा, बघा की.